दोन्ही कान शाबूत

लोक जमिनीच्या कागदावर सही करतात, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर करतात, फार झालं तर मित्राला जामीन राहून करतात आणि मग जन्मभर कपाळ बडवून घेतात. माझ्या वडिलांनी मांजराच्या पिल्लासाठी सही केली. कोणी मागितली नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. आणि ते अवलक्षण भोगलं माझ्या आईनं. ती आज असती तर म्हणाली असती, "जाऊ दे वं चंद्रे, जुन्या गोष्टी काऊन उकरून राह्यली?" पण मी उकरणार आहे. आईनं आयुष्यात जे जे जाऊ दिलं, त्यातलं निदान हे एक मला जाऊ द्यायचं नाही.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा श्रावण होता आणि मी अकरा वर्षांची होते. आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्लीच्या पुढं, एका तालुक्याच्या गावी आम्ही तिघं सरकारी क्वार्टरात राहायचो. बाबा, म्हणजे नरसिंगराव, कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. निजामाच्या काळात शाळा शिकलेले, म्हणून जुने उर्दू कागद वाचता येणारे ते एकटेच उरले होते. बाकीचा कारभार तेलुगूत आणि इंग्रजीत गेला होता. एखाद्या जमिनीचं जुनं प्रकरण निघालं की साहेबलोक त्यांना बोलावायचे, ते वाचून दाखवायचे आणि परत आपल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायचे. नऊ वर्षं त्यांची बढती अडली होती. त्यामुळं साहेब नुसता शिंकला तरी बाबांना वाटायचं, आपलंच काहीतरी चुकलं.

आई, पद्मिनी, बाजारहत्नूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. अंतर म्हणाल तर काहीच नाही. सकाळच्या गाडीनं निघावं, गुडीहत्नूरच्या फाट्यावर गाडी बदलावी, बाजारहत्नूरहून दोन कोस चालावं, दुपारच्या जेवणाला माणूस पोचतो. तरी ती चार वर्षं माहेरी गेली नव्हती. एका वर्षी मला गोवर निघाला, एका वर्षी कचेरीची तपासणी आली, एका वर्षी बाबांच्या डब्याचा प्रश्न, एका वर्षी तर कारणही आठवत नाही. बाबा कधी "जाऊ नको" म्हणाले नाहीत, हे मात्र खरं. ते फक्त "या आठवड्यात नको" एवढंच म्हणायचे.

त्या श्रावणात आजीचं कार्ड आलं. आजी, लक्ष्मीबाई, हिला लिहिता येत नव्हतं. गावच्या शाळेतले दौलत मास्तर तिची कार्डं लिहून द्यायचे आणि ती बोलेल तसंच, एक अक्षर इकडचं तिकडं न करता लिहायचे. "पद्मे, आदिलाबादच्या डाक्टरनं सांगतलं, मोतीबिंदू नाई, काचबिंदू हाय. कापून निघत नाई. उजवा डोया गेला. डावा दिवाळीपावतर टिकन म्हने. दिसते तोवर तुह्यं तोंड पाहू दे एकडाव. ये."

आईनं ते कार्ड दोनदा वाचलं आणि देवाच्या फोटोमागं खोचून ठेवलं. रात्री बाबांना पानावर वाढताना म्हणाली, "पोया झाला का मी जातो." आमच्याकडं बायकाही 'जातो' म्हणतात. बाबा म्हणाले, "जा ना. पोळा झाला की जा." मला चांगलं आठवतं, त्या वेळी त्यांच्या मनात काही खोट नव्हती.

पोळ्याला चार दिवस होते तेव्हा बाबा संध्याकाळी कचेरीतून आले ते छातीशी एक टोपली धरून. टोपलीत मांजराचं पिल्लू. पांढरंशुभ्र, पाठीवर तांबूस ठिपका. आमच्या कचेरीतले डिप्टी तहसीलदार साहेब दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला हैदराबादला निघाले होते. तरणाताठा माणूस, समुद्राकडच्या जिल्ह्यातला. त्यांच्या बाईंनी हे पिल्लू हौसेनं आणलं होतं, नाव ठेवलं होतं बुज्जी. बाईही बरोबर चालल्या होत्या, मग आता तिला कोण सांभाळणार? साहेबांनी बाबांना बोलावून म्हटलं, "नरसिंगराव, तुम्हारे घर में बिल्ली है ना? इसको भी रख लो, दो महिने." इतकंच. दुसरा एखादा "बरं साहेब" म्हणून घेऊन आला असता. बाबांनी कचेरीत बसून दोन प्रतींत पावती लिहिली. मजकूर असा : मांजर, मादी, पिल्लू, नग एक. रंग पांढरा, पाठीवर तांबूस ठिपका. दोन्ही कान शाबूत, शेपूट शाबूत. दोन महिन्यांनी आहे त्या हालतीत परत केले जाईल. खाली सही आणि तारीख.

आणि हे सगळं उर्दूत. बाबांच्या मते पक्का कागद उर्दूतच शोभायचा. साहेबांना उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी कागद हसून खिशात घातला आणि जीपमध्ये बसले. म्हणजे त्या पावतीनं बांधला गेलेला आणि ती पावती वाचू शकणारा, दोन्ही एकच माणूस होता. पण हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा मी टोपलीत हात घालून बसले होते.

आमच्या घरात एक मांजर आधीच होतं. तिचं नाव जमादारीण. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची, पुढचा एक सुळा तुटलेला. नऊ वर्षांपूर्वी रेकॉर्डच्या खोलीत एक मांजर व्याली आणि दुसऱ्या दिवशी मरून गेली. तिच्या पिल्लांतलं हे एकच वाचलं. आईनं कापसाची वात दुधात भिजवून चोखवून चोखवून ते वाढवलं. ती जमादारीण आईशिवाय कोणालाही हात लावू देत नसे. दुपारी आई निवडायला बसली की तिच्या मांडीवर येऊन पसरायची. आई दिवसभरात मनातलं कोणाशी बोलत असेल तर तिच्याशीच. शेजारी सगळी तेलुगू घरं, आईला तेलुगू बाजारापुरतं यायचं. भाजी किती, मीठ किती. त्या भाषेत ती कोणाला आपल्या आईचे डोळे सांगणार होती?

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "पिल्लू टोपलीतच राहू द्या. मी हळूहळू पाह्यतो कसं काय ते." बाबांना तेवढा दम कुठला. कचेरीत नवा माणूस रुजू झाला की त्याला आधी वरिष्ठांपुढं नेऊन उभं करतात, नमस्कार करायला लावतात आणि मगच त्याची खुर्ची दाखवतात. बाबांनी तेच केलं. जमादारीण स्वयंपाकघरात आपल्या थाळीत भाकरी-दूध खात होती. बाबांनी बुज्जीला दोन्ही हातांत धरलं आणि थेट तिच्या थाळीपुढं नेऊन ठेवलं. म्हणाले, "ही साहेबांची आहे बरं का."

पुढं जे झालं ते पापणी लवायच्या आत झालं. जमादारणीनं मान वर केली, फिसकारली आणि पंजा मारला. बुज्जी किंचाळून बाबांच्या अंगावर चढली. दुसरा फटकारा बाबांच्या मनगटाला लागला. आईनं जमादारणीला पदरात गुंडाळून मागच्या अंगणात नेलं तेव्हा बाबांचा हात रक्तबंबाळ झाला होता आणि बुज्जीचा डावा कान टोकापासून बोटभर फाटला होता.

बाबांनी आपल्या हाताकडं पाहिलंच नाही. ते त्या कानाकडं पाहत राहिले. "शाबूत लिहिलंय," ते म्हणाले. "दोन्ही कान शाबूत लिहिलंय."

आईनं हळद आणि तेल गरम करून आधी पिल्लाचा कान भरला, मग बाबांचं मनगट बांधलं. बाबा म्हणाले, "जमादारणीला पोत्यात घालून नाल्यापलीकडं सोडून येतो. पाणी ओलांडून मांजर परत येत नाही." आमच्याकडं नकोशा मांजराची अशीच वाट लावतात. मांजर मारणं महापाप, पण पोत्यात घालून सोडणं कोणाच्या पापात बसत नाही. आई मनगटाला गाठ मारत होती. ती गाठ मारून झाल्यावर म्हणाली, "तिले सोडाल तर पोतं मोठं घ्या. मीबी येतो त्याच्यात." बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

पण दुसरा काढला. "आता पोळ्याला जायचं तुझं जरा पुढं ढकल. हे दोघींचं काही जमल्याशिवाय घर सोडून कसं जाशील? पिल्लाला काही झालं तर माझी नोकरी राहील का?" नोकरी जाण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे आज शेंबडं पोरही सांगेल. तेव्हा मात्र आम्हां तिघांनाही ते खरं वाटलं. भीती घरात एकालाच असते, पण राहावं लागतं सगळ्यांना तिच्यात.

आईनं माहेरी पत्र लिहिलं. पोळ्याला येत नाही, असं असं झालं आहे, आणि दोन मांजरं एका घरात कशी नांदवायची ते सांग. आजीनं जन्मभर मांजरं पाळली होती. घरात धान्याची कणगी, मग उंदरांसाठी मांजर नको का? आठ दिवसांत कार्ड आलं.

"पद्मे, जावायानं येड्यावानी केलं. आधी तोंड दाखवाचं नसते. आधी वास दाखवाचा. दोघीले दोन खोल्यात ठिव, मधलं दार लाव. एकच फडकं घे. सकायी हिच्या आंगावून फिरव अन् तिच्यापाशी ठिव, सांजच्याले तिच्या आंगावून फिरव अन् हिच्यापाशी ठिव. मंग दाराच्या इकून तिकून दोघीले जेवाले वाढ. रोज थाई थोडी थोडी दाराकडं सरकव. वास वयखीचा झाला का मंग तोंड मांगून दाखव. घाई करू नको. माह्या डोयाचं मी पाहून घेईन."

शेवटची ओळ वाचून आईनं डोळे पुसले. मला वाटलं, धूर लागला.

आता आमच्या क्वार्टराविषयी सांगायला हवं. दोन खोल्या, पुढची बसायची आणि मागची स्वयंपाकाची. मध्ये दार होतं, पण त्याला कडी नव्हती. आमच्या आधीच्या भाडेकरूच्या वेळीच ती तुटली होती. बाबांनी नव्या कडीसाठी दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही अर्ज वर कुठंतरी जाऊन निजले होते. स्वतः कडी लावणं बाबांना शक्य नव्हतं. लाकूड सरकारी, त्याला विनापरवानगी खिळा कसा ठोकायचा? दार तर ढकललं की उघडायचं, आणि जमादारणीला दार ढकलायची कला जन्मापासून येत होती. मग आईनंच दाराला पाट टेकवला आणि पाटावर बसली. तिथंच भाजी चिरायची, तिथंच तांदूळ निवडायचे, तिथंच पाठ टेकून दुपारी डोळा लावायचा. उठायचं झालं तर मला हाक मारायची, "चंद्रे, बस इथं." मी शाळेत असले की ती उठायचीच नाही. बुज्जी पळून जाऊ नये म्हणून पुढचं दारही दिवसभर बंद. विहिरीवर नाही, बाजारात नाही, शेजारी हळदीकुंकवाला नाही. आई त्या दाराची कडीच होऊन बसली.

पहिले काही दिवस जमादारीण फडक्याचा वास घ्यायची आणि त्याच्यावर फिसकारायची. पलीकडून बुज्जी बारीक आवाजात रडायची. आई मध्ये बसून दोघींची समजूत घालायची. "असं करू नाई. तीबी कोनाची तरी लेक हाय. तिच्या मायनं तिले सोडलं, तुह्याबी मायनं सोडलं व्हतं." मी शाळेतून आले की बाहेरून हे ऐकायचे आणि मला हसू यायचं. आता नाही येत.

पोळा गेला. गणपती आले नि गेले. थाळ्या वितभर सरकल्या. दुसरं कार्ड आलं : "दिवा दिसते, मानूस दिसत नाई बराबर. बिलकूल जवळ आला तर तोंडाचा आकार समजते. मांजरायचं कसं हाय?"

त्या दुपारी मी शाळेतून आले तर घरातून ठोकण्याचा आवाज. आईनं अंगणातल्या मोडक्या खाटेचे दोन खिळे उपटले होते, एक दाराला आणि एक चौकटीला खलबत्त्याच्या बत्त्यानं ठोकला होता आणि त्यांना सुतळीचा फास बांधला होता. सरकारी लाकूड थोडंसं चिरलं होतं. दोन मिनिटांचं काम. चार आठवडे ती जिथं बसली होती ती जागा रिकामी होती.

बाबा आले. त्यांनी खिळा पाहिला. बोट लावून चीर पाहिली. "सरकारी लाकूड आहे, पद्मिनी."

"लाकूड सरकारी हाय," आई म्हणाली. "आई माही हाय. उद्या मी जातो."

बाबा खाली बसले. त्यांनी आपलं मनगट पुढं केलं. खपली निघाली होती, तरी तीन लाल रेघा होत्या. "जा," ते म्हणाले. "पण जमादारणीचं फडकं कोण फिरवणार? ती मला जवळ येऊ देत नाही. चंद्रीला ओरबाडेल. आता कुठं जमत आलंय म्हणतेस, मधेच सोडलंस तर पुन्हा पहिल्यापासून. मग दिवाळीला तरी जाता येईल का तुला?"

यातला एक शब्दही खोटा नव्हता, तीच तर पंचाईत. बाबा खोटं बोलणारे असते तर आई केव्हाच निघाली असती. तिनं फडकं उचललं आणि जमादारणीला हाक मारली. आगीतून उठून फुफाट्यात जाणं मी पुढं पुष्कळ पाहिलं, पण इतक्या गुपचूप जाणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. मला बाबांचा राग आला आणि आईचा त्याहून जास्त आला. ओरडत का नाही ही, असं वाटायचं.

दसऱ्याच्या सुमारास आईनं दोघींच्या खोल्या बदलल्या, म्हणजे ही तिच्या जागी, ती हिच्या जागी. जमादारीण पुढच्या खोलीभर हुंगत फिरली आणि शेवटी बुज्जीच्या टोपलीत जाऊन झोपली. आई म्हणाली, "आता झालं समज." मग सुतळी थोडी सैल केली. फटीतून दोघींना एकमेकींचं नाक दिसलं. फिसकारणं झालं, पण उगाच, रीत म्हणून. आणखी आठ दिवसांनी आईनं सुतळी सोडली, हातात जाडजूड गोणपाट घेऊन शेजारी बसली आणि दार उघडलं.

बुज्जी आली. आता ती चांगली टपोरी झाली होती, पण फाटक्या कानामुळं नेहमी घाबरल्यासारखी दिसायची. ती जमादारणीपासून हातभर अंतरावर येऊन बसली. जमादारणीनं तिला नखशिखांत पाहिलं. मग सावकाश उठली, जवळ गेली आणि तिचा तो फाटका डावा कान चाटायला लागली. स्वतःच फाडलेला कान. चाटत राहिली, चाटत राहिली. आईनं गोणपाट खाली टाकलं आणि तोंडाला पदर लावून रडली. पुष्कळ दिवसांनी तिला असं मोकळं रडताना पाहिलं आणि मलाही रडू आलं. संध्याकाळी दोघी एका थाळीत जेवल्या.

आईनं त्याच रात्री ट्रंकेतून दोन लुगडी काढून ठेवली. बाबा लुगड्यांकडं पाहत म्हणाले, "साहेब दिवाळीच्या आधी येणार आहेत. पिल्लाचा कान पाहतील. काय झालं, कसं झालं, मी एकटा काय सांगू? तू समोर होतीस. तूच साक्षीदार. तेवढं होऊ दे. दहा-बारा दिवसांचा तर प्रश्न."

आईनं लुगडी उचलून पुन्हा ट्रंकेत ठेवली. मला वाटतं, त्या रात्री तिनं दिवस मोजायचंच सोडून दिलं.

साहेब दिवाळीच्या चार दिवस आधी आले. आपलं राहिलेलं सामान न्यायला आले होते, त्यांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली होती. बाबांनी धुतलेला सदरा घातला. बुज्जीला आईनं विंचरलं, कानाला तेल लावलं आणि टोपलीत ठेवलं. "मले बोलावलं तर येतो," ती म्हणाली आणि उंबऱ्यात उभी राहिली. टोपली घेऊन मी बाबांबरोबर कचेरीत गेले.

साहेब जीपमध्ये सामान चढवून घेत होते. बाबा पुढं झाले, नमस्कार केला, खिशातून पावतीची आपली प्रत काढली, उलगडली. "सर, वो बिल्ली लाया हूँ."

"कौनसी बिल्ली?" साहेब म्हणाले.

बाबांना वाटलं, आपलं हिंदी चुकलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. सर, आपकी बिल्ली, बुज्जी, दो महिने, और कान का थोडा नुकसान हुआ, मेरी घरवाली ने देखा है, उसको बुलाऊँ तो... साहेबांना मग आठवलं. ते मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता, हेही सांगते. "अरे, अभी तक रखे तुम उसको? मिसेस तो भूल भी गयी. अब वहाँ कुत्ता पाला है. तुम रख लो, नहीं तो छोड़ दो कहीं." त्यांनी बाबांच्या खांद्यावर थोपटलं आणि जीप निघाली. टोपलीवरचं फडकं मी धरून होते. ते उचलून कान बघायचंही त्यांना सुचलं नाही.

परत येताना बाबा एकदाच बोलले. "घरी सांगू नको." मी घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं. ते सांगितल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

आई उंबऱ्यातच होती. तिनं विचारलं, "त्यायनं कान पाह्यला?"

"नाही."

"एकडावबी नाई?"

"नाही आई. त्यांना बुज्जीच आठवत नव्हती."

आई कधी ओरडत नसे. त्या दिवशी ओरडली. बाबा दारात वहाणा काढत होते, एक काढलेली आणि एक पायात, तसेच उभे राहिले. "दोन महिने!" ती म्हणाली. "दोन महिने मी या दारापाशी बसलो. तुमी कागदावर मांजराचे कान लिवले. माह्या मायचे डोये कोन्या कागदावर लिवले व्हते? तेबी लिवाचे असते उर्दूत. मंग तरी तुमाले त्यायची जबाबदारी वाटली असती!"

शेजारच्या बाया बाहेर आल्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण सगळं कळलं असावं. बाबा आत गेले, पावती चुलीत घातली आणि तिथंच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईची ट्रंक त्यांनी स्वतः खांद्यावर घेऊन स्टँडपर्यंत आणली. आम्ही गाडीत चढलो तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "मांजरांचं मी पाहतो." आईनं मान हलवली. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

गुडीहत्नूरच्या फाट्यावर गाडी बदलली. बाजारहत्नूरहून चालत निघालो. शेतांत कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बाया आईला ओळखून हाका मारत होत्या, पण ती थांबली नाही. ट्रंक डोक्यावर घेऊन ती जवळजवळ धावत होती. मी मागून ओरडत होते, आई, हळू. दुपारच्या जेवणाला आम्ही पोचलो. चार वर्षं लागली होती त्या अर्ध्या दिवसाच्या वाटेला.

आजी ओसरीवर बसली होती, तोंड रस्त्याकडं करून. दोन्ही डोळे उघडे. आई अंगणात येऊन उभी राहिली. आजी आमच्याकडंच पाहत होती आणि काहीच बोलत नव्हती. बाजूला भरदुपारी दिवा लावून ठेवलेला होता. तो दिसतो का म्हणून ती रोज लावून पाहायची, हे नंतर दौलत मास्तरांनी सांगितलं. चार दिवसांपासून तोही दिसेना झाला होता.

"कोन हाय?" आजीनं विचारलं.

आई ओसरीवर गेली आणि आजीच्या पुढ्यात बसली. आजीचा हात चाचपडत आईच्या खांद्यावर आला, तिथून पदरावर. तिनं पदर उचलून नाकाशी नेला. हुंगला. पुन्हा हुंगला.

"मांजराचा वास येते," ती म्हणाली. "दोन मांजरायचा. पद्मे?"

"व्हय, आई."

"एका थाईत जेवते का दोघी?"

"जेवते."

"मंग चांगलं झालं." आजीचे दोन्ही हात आईच्या चेहऱ्यावर आले. कपाळ, भुवया, नाक, गाल, सगळं तिनं बोटांनी सावकाश पाहिलं, आणि आईच्या डोळ्यांतलं पाणी लागलं तिथं बोटं थांबली.

"तोंड मांगून दाखव म्हनलं व्हतं मी," आजी म्हणाली. "पन ते मांजरायसाठी म्हनलं व्हतं वं, बाई."